७३ डॉलर १३ सेंट

नोव्हेंबर लागला की आईचा फोन ठरलेला, आणि विषयही ठरलेला, बेबीमावशीचा हयातीचा दाखला. बेबीमावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. जन्मापासूनच जरा मंद, सरकारी कागदात "मतिमंद" असं लिहिलंय, घरात आम्ही "बेबीचं जरा वेगळंय" एवढंच म्हणतो. आजोबा झेडपीच्या शाळेत मास्तर होते, ते गेल्यावर पेन्शन आजीला लागली आणि आजी गेल्यावर सिव्हिल हॉस्पिटलचं सर्टिफिकेट, पालकाचं अ‍ॅफिडेव्हिट, तीन तीन प्रती, फोटो, परत फोटो (आधीच्यात कान दिसत नव्हते) असं करत करत दोन वर्षांनी ती मावशीच्या नावावर झाली. एका वर्षी मी सुट्टीत घरी होते म्हणून मीच तिला बँकेत घेऊन गेले, तर काउंटरवरचा माणूस पासबुक उलटंपालटं करून म्हणाला, "मास्तर कधीच वारले ना, मग हे अजून चालूच आहे का?" मावशी त्याच्याकडे बघून गोड हसली. मी नाही हसले.

हे आधी सांगितलं कारण २०२० च्या जूनमध्ये, लॉकडाऊनमध्ये घरात बसून सगळे बातम्या बघून बघून वेडे झाले होतो तेव्हा एक बातमी दिसली आणि मला आधी तो काउंटरवरचा माणूसच आठवला. बातमी अशी की आयरीन ट्रिप्लेट नावाची ९० वर्षांची बाई ३१ मे ला नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्क्सबरो गावच्या नर्सिंग होममध्ये वारली, आणि तिच्याबरोबर अमेरिकन सिव्हिल वॉरची शेवटची पेन्शन बंद झाली. महिन्याला ७३ डॉलर १३ सेंट. सिव्हिल वॉर! १८६१ ते ६५ चं, अमेरिकेतल्या उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या राज्यांचं गुलामीवरून पेटलेलं युद्ध! मला वाटलं टायपिंगमध्ये काहीतरी गडबड आहे, दुसरं महायुद्ध म्हणायचं असेल. पण नाही. नातीची नाही, पणतीची नाही, बापाचीच पेन्शन. बाप मोझ ट्रिप्लेट, जन्म १८४६.

१८४६ म्हणजे काय ते आपल्या हिशोबात सांगते. तेव्हा दुसरा बाजीराव बिठूरला जिवंत होता. बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली तेव्हा मोझ सात वर्षांचा होता. आणि त्याची सख्खी मुलगी कोविडच्या काळात वारली. मधे एकही पिढी नाही, फक्त बाप आणि लेक, आणि १७४ वर्षं. मी हे जेवताना नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला बेरीज परत कर. केली. तेवढीच आली.

आम्ही शार्लटला राहतो, विल्क्सबरो इथून गाडीने दीडेक तास, म्हणजे ही बाई इतकी वर्षं आमच्या जवळच होती आणि आम्हाला पत्ता नाही. तर तिथून माझं खूळ सुरू झालं. दिवसभर ऑफिसचे कॉल, रात्री मुलं झोपली की लॅपटॉपवर १६० वर्षांपूर्वीचे हजेरीपट. नवरा म्हणायचा, स्वतःच्या पणजोबांचं नाव माहितीये का तुला? नव्हतं माहिती. पण पणजोबांचे कागद कुठे आहेत आणि ह्यांचे कागद बघा!

खरं सांगायचं तर ह्या देशात जुना शिपाई शोधणं हा एक धंदाच आहे, आणि तो सोपा झालाय तो सरकारच्या कंजूषपणामुळे. म्हणजे असं, की पेन्शन मागायला लाखो लोक आले तेव्हा हा माणूस खरंच पलटणीत होता का हे तपासायला दरवेळी जुने हजेरीपट उघडावे लागायचे आणि कागदांचा पार भुगा व्हायला लागला. मग वॉर डिपार्टमेंटने कारकून बसवले आणि प्रत्येक शिपायाच्या नावाची वेगळी कार्डं करून घेतली, आधी उत्तरेच्या, मग १९०३ पासून दक्षिणेच्या सैन्याचीसुद्धा. एका कार्डावर दोन महिने. हजर, गैरहजर, आजारी, इस्पितळात, पळून गेला. वळणदार अक्षर, कोण कुठला कारकून, जेवायच्या सुट्टीआधी अजून पंचवीस कार्डं उरकायची म्हणून लिहीत असणार, आणि आज आपण त्याच्यावर बोट ठेवून वाचतोय.

पेन्शनच्या फाइली तर त्याहून भारी. विधवेला पेन्शन हवी तर लग्न झालं होतं हे सिद्ध करायचं, आणि डोंगरातल्या लोकांकडे कुठलं सर्टिफिकेट? मग शेजाऱ्यांच्या जबान्या, सुईणीची जबानी, घरच्या बायबलमध्ये पोरांच्या जन्मतारखा लिहिलेलं पान असायचं ते चक्क फाडून वॉशिंग्टनला पाठवायचे. ती पानं अजून त्या फाइलीत आहेत. (आजीच्या वेळी आम्ही लग्नपत्रिका शोधत होतो, १९५१ ची. शेवटी गावच्या सरपंचाचा दाखला चालला.) हा पसारा एवढा वाढला की १८८० च्या दशकात फक्त पेन्शन ऑफिससाठी वॉशिंग्टनमध्ये विटांची एक अजस्र इमारत बांधली, तिला बाहेरून चारही बाजूंनी मातीच्या भाजलेल्या शिपायांची पट्टी फिरवलीय, चालतच राहतात बिचारे. आणि १८९३ च्या सुमाराला केंद्र सरकारचा साधारण ४० टक्के पैसा नुसत्या पेन्शनीत जात होता.

पण हे सगळं उत्तरेकडून लढलेल्यांना. दक्षिणेवाल्यांनी तर देशाविरुद्धच बंदूक उचललेली, त्यांना वॉशिंग्टन कशाला पैसे देईल, त्यांच्या त्यांच्या राज्यांनी जमेल तसं काहीतरी थोडंफार दिलं. १८९० साली शिरगणतीबरोबर माजी सैनिकांची एक खास यादी केली होती, फक्त उत्तरेच्या सैनिकांची आणि विधवांची. पण दक्षिणेत घरोघर फिरणारे गणनावाले सरळ दिसेल त्या म्हाताऱ्या शिपायाचं नाव लिहून घ्यायचे आणि मग वरच्या साहेबाने त्या नावांवर काट मारलेली दिसते. काट मारली तरी नाव वाचता येतं हं. माझ्यासारख्या रिकामटेकड्यांची तेवढीच सोय.

आता मोझकडे येते. पहिला वांधा नावाचा. विल्क्स, म्हणजे विल्क्सबरोचा जिल्हा, आणि त्याच्या शेजारची वाटोगा काउंटी, दोन्हीकडे ट्रिप्लेट म्हणजे आपल्याकडे एखाद्या गावात सगळेच पाटील असावेत तसं, वाटोगात तर ट्रिप्लेट नावाची वस्तीच आहे. कधी शेवटी एक टी कधी दोन. ह्याच्या बाबतीत बरं एवढंच की मुलीमुळे पेपरवाल्यांनी आधीच कागद धुंडाळले होते, मी फक्त त्यांच्या मागून चालले.

मे १८६२, पोरगा १६ वर्षांचा, दक्षिणेच्या ५३व्या नॉर्थ कॅरोलायना पलटणीत भरती. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला बदली, २६व्या नॉर्थ कॅरोलायनात. ही २६वी नावाजलेली, तिचा कर्नल हेन्री बर्गविन अवघा २१ वर्षांचा, त्याला पोरगा कर्नलच म्हणायचे. १८६३ च्या उन्हाळ्यात दक्षिणेच्या जनरल लीचं सैन्य उत्तरेकडे निघालं, ते पेनसिल्व्हेनियातल्या गेटिसबर्गला, युद्धातल्या सगळ्यात मोठ्या लढाईला, जाऊन धडकणार होतं. वाटेत मोझ आजारी पडला, व्हर्जिनियातल्या लष्करी इस्पितळात त्याला मागे ठेवलं, पलटण पुढे गेली.

आणि हा इस्पितळातून पळाला.

मागे राहिला म्हणून वाचला, असं म्हणायला हरकत नाही. १ जुलैला २६वी पलटण मिशिगनवाल्यांच्या समोर उभी राहिली, झेंडा धरणारा एक पडला की दुसरा उचलायचा, दुसरा पडला की तिसरा, असे डझनभर एकामागून एक, शेवटी कर्नलने स्वतः हात घातला आणि तोही गेला. दोन दिवसांनी उरलेसुरले त्या प्रसिद्ध टेकडीवरच्या हल्ल्यात. तीन दिवसांत दहातले आठ तरी मेले, जखमी झाले नाहीतर पकडले गेले. सुमारे ८०० गडी होते. आयरीन २०२० पर्यंत पेन्शन घेत होती ती एका तापामुळे किंवा जुलाबामुळे असं मी म्हटलं तर तो टिंगलीचा सूर नाही, तेव्हाच्या छावण्यांत गोळीपेक्षा रोगाने जास्त माणसं मरायची, ह्याला तेवढा एकच रोग फळला.

पुढे वर्षभर हा फरारी. फरारी पकडला तर गोळीही घालायचे, तरी विल्क्सच्या डोंगरात असे पुष्कळ होते. त्या काउंटीला तेव्हा "जुनं युनायटेड स्टेट्स" असं टोपणनाव होतं, कारण तिथल्या बऱ्याच लोकांना देश सोडायचाच नव्हता. गुलाम थोडक्या लोकांकडे, शेतं चढावरची, मका आणि डुकरं. त्यात दक्षिणेच्या सरकारने सक्तीची भरती आणली आणि वर नियम केला की ज्याच्याकडे २० गुलाम त्याच्या घरचा एक गोरा माणूस भरतीतून माफ. म्हणजे लढाई जमीनदाराची आणि मरायला आमची पोरं, हे तिथे उघड बोललं जायचं.

१ ऑगस्ट १८६४ ला मोझ टेनेसीतल्या नॉक्सविलला जाऊन दुसऱ्या बाजूला भरती झाला. ३री नॉर्थ कॅरोलायना माउंटेड इन्फंट्री, उत्तरेची. लोक तिला कर्कचे रेडर्स म्हणायचे, कर्नल जॉर्ज वॉशिंग्टन कर्क म्हणून होता त्याच्या नावाने. काम काय, तर डोंगरातून गुपचूप उतरायचं, पूल, रेल्वे, कोठारं जाळायची, आणि परत डोंगरात. गनिमी कावाच, फक्त तो स्वतःच्याच गावांवर. ज्या घरातला भाऊ दक्षिणेकडून लढायला गेलाय त्याच घरचा घोडा हे सोडवून न्यायचे. वर्षभर केलं आणि ऑगस्ट १८६५ मध्ये रीतसर सुटला. त्या एका वर्षाच्या नोकरीवर पुढची सगळी पेन्शन.

इथे मला राहवत नाही म्हणून एक सांगते, कदाचित विषयांतर वाटेल. १८७३ साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी "गुलामगिरी" लिहिलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या लोकांना, निग्रो गुलामांना मुक्त करण्यासाठी त्यांनी दाखवलेल्या निःस्वार्थ त्यागाबद्दल. शाळेत आम्हाला हे एका मार्काला होतं, कोणाला अर्पण केलं, रिकाम्या जागा भरा. आता तांत्रिकदृष्ट्या बघितलं तर उत्तरेच्या सैन्यातला मोझ ट्रिप्लेट त्या अर्पणपत्रिकेत बसतो. तो गुलामांसाठी लढला असं मला मुळीच वाटत नाही, माझं मत विचाराल तर तो १८ वर्षांचा, दोन्हीकडून पाठलाग होणारा, उपाशी पोरगा होता आणि उत्तरेकडे महिना १६ डॉलर खऱ्या चलनात मिळत होते, दक्षिणेच्या नोटेला तोवर कोणी विचारत नव्हतं. पण तरीही तो त्या बाजूला उभा राहिला आणि ती बाजू जिंकली. जोतीरावांनी लिहिताना डोळ्यासमोर जे धरले असतील ते वेगळे लोक, काळे सैनिकच जवळपास दोन लाख होते, ते आणि गुलामीविरुद्ध आयुष्यभर बोलणारे. मोझसारखे नुसते सापडून आलेलेही त्यांच्यातच मोजले गेले. आणि आपल्याकडे त्याच युद्धाचं दुसरं रूप म्हणजे कापूस. अमेरिकेचा कापूस बंद पडला म्हणून वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव, मुंबईत शेअरचं वेड, आणि १८६५ ला तिकडे युद्ध संपलं तशी इकडे दिवाळखोरी. मोझ घरी परतत होता तेव्हा मुंबईत शेटजी लोकांची घरं बुडत होती.

असो. घरी परतला म्हणजे कुठे, तर ज्यांची कोठारं जाळली त्यांच्यात. बरं, हे वैर युद्धाबरोबर संपलं नाही. १८७० ला राज्याच्या गव्हर्नरने, होल्डन त्याचं नाव, काळ्या लोकांवर हल्ले करणाऱ्या कू क्लक्स क्लॅनवाल्यांचा बंदोबस्त करायला नेमका हाच कर्क परत बोलावला, त्यावरून एवढा गदारोळ झाला की पुढच्या वर्षी गव्हर्नरलाच महाभियोग लावून काढलं. म्हणजे कर्क हे नाव त्या भागात शिवीसारखं. आणि मोझ त्या कर्कचा माणूस, एल्क क्रीकच्या काठाला शेती करून राहतोय. तो पोर्चवर मांडीवर पिस्तूल घेऊन बसायचा. साप पाळले होते, साधेसुधे नाहीत, शेपटीचा खुळखुळा वाजवणारे रॅटलस्नेक. झाडावरचे अक्रोड पिस्तुलाने उडवायचा. घरच्यांच्या आठवणीत तो विक्षिप्त म्हातारा म्हणून आहे, पण मला तरी ह्यात वेडेपणा कमी आणि हिशोब जास्त दिसतो, ज्या माणसाच्या ओट्यावर साप आहेत त्याच्याकडे रात्री जुना राग घेऊन कोण येईल?

१८८५ ला त्याने पेन्शनचा अर्ज केला. दक्षिणेकडून केलेल्या चाकरीचे शून्य पैसे, उत्तरेकडच्या एका वर्षाचे मिळाले.

पहिली बायको वारली, मूलबाळ नाही. १९२४ साली, वय वर्षं ७८, त्याने एलायडा हॉलशी लग्न केलं. ती विशीच्या शेवटी. ५० वर्षांचं अंतर. ऐकून आपल्याला नको वाटतं, मलाही वाटलं, आपल्याकडे जरठ-कुमारी विवाह म्हणून ह्याच्यावर नाटकं लिहून झालीत. पण तिथे डोंगरात, आणि नंतर मंदीच्या काळात तर फारच, सिव्हिल वॉरचा म्हातारा म्हणजे त्या भागात दर महिन्याला नक्की पैसे येणारा एकमेव माणूस. त्याला करणारं कोणीतरी हवं, तिला पोटाला हवं. जवळच टेनेसीत गर्ट्रूड जेनवे नावाची बाई होती, तिने १८ व्या वर्षी ८१ वर्षांच्या जॉन जेनवेशी १९२७ ला लग्न केलं आणि २००३ मध्ये वारेपर्यंत ७० डॉलरची विधवा पेन्शन घेतली. आणि ह्याच्या उलट हेलन जॅक्सन, मिसुरीतली, १७ व्या वर्षी, १९३६ साली ९३ वर्षांच्या शिपायाशी लग्न, ती त्याला मदत करायची आणि त्याला ती मदत फुकट नको होती म्हणून त्याने पेन्शन तरी मिळेल म्हणून लग्न सुचवलं. तो गेल्यावर त्याच्या मुलीने तुझी अब्रू काढीन अशी धमकी दिली तर हिने पेन्शन मागितलीच नाही, परत लग्नही केलं नाही आणि ८० वर्षं कोणाला सांगितलंच नाही. ती २०२० च्या डिसेंबरात गेली. म्हणजे शेवटची पेन्शनर आयरीन, पण माहितीतली शेवटची विधवा ती.

एलायडाची आधीची बाळं जगली नाहीत. मग ९ जानेवारी १९३० ला आयरीन, बाप ८३, आई ३४. त्या वर्षी १ एप्रिलची शिरगणती होती आणि तिच्यात तान्ह्या मुलांचं वय बाराव्या भागात लिहायची रीत होती, म्हणजे जानेवारीत जन्मलेल्या पोरीचं वय २/१२. त्याच फॉर्ममध्ये दोन रकाने आणखी होते, माजी सैनिक आहे का, आणि कुठल्या युद्धातला. बहुतेक घरांत त्यात पहिलं महायुद्ध. अशा एखाद्या घरातच एका ओळीत सिव्हिल वॉर आणि दोनतीन ओळी खाली २/१२.

पुढे एक भाऊ झाला तेव्हा म्हातारा ८७ च्या घरात.

आईला आणि आयरीनला, दोघींनाही, मानसिक अपंगत्व. मी इथे वाचायची थांबले होते, ते पुढचं दुसऱ्या दिवशी वाचलं. शाळेत मास्तर मारायचे, घरी आईबाप मारायचे. पोरं बापाच्या नावाने चिडवायची, गद्दार म्हणून. पहिलीपासून ती तंबाखू खायची, तपकीरही ओठात धरायची, ती म्हातारपणी सांगायची की घरी पिकवलेलीसुद्धा खाल्ली, सगळी खाल्ली. (माझी आजी मिश्री लावायची, बेबीमावशीही चोरून लावायची, दात काळे दिसले की आई ओरडायची.) आणि २०१४ साली एका पत्रकाराने तिला आईबापाबद्दल विचारलं तेव्हा ती स्पष्ट म्हणाली की खरं सांगायचं तर मला दोघंही आवडायचे नाहीत, मला फक्त स्वतःचं एक घर हवं होतं, त्यात एकटीने शिरून बसायला.

सिव्हिल वॉरच्या शेवटच्या जिवंत दुव्यांपैकी एकीकडून लोकांना काहीतरी भारदस्त ऐकायचं असणार. तिने हे सांगितलं.

१९३८ च्या जुलैत गेटिसबर्गला ७५ वर्षांचा सोहळा झाला. दोन्हीकडचे जेवढे म्हातारे जिवंत होते त्यांना सरकारने स्वतःच्या खर्चाने बोलावलं, प्रत्येकाबरोबर एक सांभाळणारा, तंबू, डॉक्टर, व्हीलचेअर. १८०० च्या वर आले, बहुतेक नव्वदी ओलांडलेले. जुन्या दगडी बांधावरून दोन्ही बाजूंनी हात मिळवतानाचे फोटो आहेत, पांढऱ्या दाढ्या, करड्या टोप्या. ३ जुलैला संध्याकाळी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट आला, शांततेच्या ज्योतीचं स्मारक उघडलं, लाखो लोक जमलेले. मोझ गेला होता. ७५ वर्षांपूर्वी ज्या गावाला पोचायच्या आधी पळाला होता तिथे पहिल्यांदा पोचला! मला हे वाचून हसूच आलं, म्हातारा बेरकी. तिथून परत आल्यावर काही दिवसांतच, १८ जुलैला गेला. ९२ वर्षांचा. कबरीच्या दगडाचा फोटो नेटवर आहे, त्यावर फक्त एवढंच की तो सिव्हिल वॉरचा सैनिक होता. कुठल्या बाजूचा ते नाही. ज्याने कोणी हे कोरून घेतलं त्याला गावात राहायचं होतं.

म्हातारा गेला तेव्हा आयरीन आठ वर्षांची. १९४३ मध्ये मायलेकी काउंटीच्या पुअरहाऊसमध्ये गेल्या, म्हणजे ज्यांचं कोणी नाही त्यांना ठेवायची जागा. ती १३ वर्षांची होती. भाऊ तिथून पळाला, बापावर गेला म्हणायचं. १९६० मध्ये पुअरहाऊसमधून दोघींना नर्सिंग होमला हलवलं, १९६७ ला आई वारली, भाऊ १९९६ ला. आयरीन एका खोलीतून दुसऱ्या खोलीत अशी आयुष्यभर सरकारी छताखालीच राहिली, स्वतःचं घर काही झालं नाही. भावाला पेन्शन नव्हती, आयरीनला होती, कारण कायद्यात सैनिकाचं जे मूल स्वतःचं स्वतः करू शकत नाही त्याला वय कितीही झालं तरी हक्क आहे. त्याला त्यांच्याकडे शब्द आहे "हेल्पलेस चाइल्ड". ९० वर्षांची चाइल्ड. आमच्या मावशीच्या फॉर्मवर "अपत्य" असं छापलंय आणि समोर वय ६४.

वर्षाचे ८७७ डॉलर ५६ सेंट. बातमीखाली लोकांनी लिहिलं होतं, बघा आमचा टॅक्स कुठे जातो. दुसऱ्या बाजूने भावनिक झालेले, लिंकनने १८६५ च्या भाषणात सैनिकाची, त्याच्या विधवेची आणि त्याच्या अनाथ लेकराची काळजी घेऊ असं म्हटलं होतं, तो शब्द देशाने १५५ वर्षं पाळला वगैरे. मला दोन्ही पटेना. शब्द पाळला ते ठीक, पण ७३ डॉलरमध्ये त्या पोरीला कोणी मारायचं थांबलं नाही ना. तिची कुठलीच इच्छा विचारायला कागदात रकाना नव्हता. तिच्याबद्दल आपल्याला जे कळतं ते तिने तोंडाने सांगितलं म्हणून, बापाबद्दल मात्र ढीगभर.

गेल्या ऑक्टोबरात पानगळ बघायला जाऊ म्हणून घरच्यांना गाडीत घातलं आणि ७७ नंबरच्या हायवेवरून ४२१ ला लागले तेव्हा मुलाने ओळखलं की आई कुठे नेतेय. विल्क्सबरो छोटंसं. शेजारचं नॉर्थ विल्क्सबरो म्हणजे लोज दुकानांचं जन्मगाव, तेच जिथे आपण सगळे नळाच्या वायसरसाठी शनिवार घालवतो. हा सगळा पट्टा एकेकाळी हातभट्टीसाठी प्रसिद्ध, पोलिसांना चुकवून दारूच्या गाड्या पळवणाऱ्यांतूनच पुढे नासकारच्या रेसा आल्या, मुलाला तेवढ्यातच रस. तिथून २६८ नंबरचा रस्ता याडकिन नदीच्या कडेने पश्चिमेला जातो, फर्ग्युसनच्या पुढे दऱ्या अरुंद होतात. मका काढून झालेला, शेतात गवताचे गोल भारे, एका चर्चच्या पाटीवर ह्या आठवड्याचं सुभाषित. एल्क क्रीक म्हणजे आपल्या ओढ्यापेक्षा थोडं मोठं पाणी, दगड दिसतील इतकं स्वच्छ. अक्रोडाची झाडं आहेत खरंच, काळ्या अक्रोडाची, खाली फळं पडून साल काळी पडलेली, मुलीने दोन उचलली तर बोटांना तो डाग चार दिवस गेला नाही. रस्त्याकडेच्या दुकानातल्या बाईला मी विचारलं ट्रिप्लेट म्हणून इकडे कोणी, तर ती म्हणाली, "हनी, कुठला ट्रिप्लेट? माझं माहेर ट्रिप्लेट."

मोझचं नाव काढल्यावर ती म्हणाली हो, तो सापवाला. युद्धाबिद्धाचं काही बोलली नाही. आयरीनचं विचारलं तर जरा थांबली, मग म्हणाली ती होमला होती ना शेवटपर्यंत, आणि मुलांना दोन दोन पेपरमिंट दिली.

परवा आईचा फोन आला. आता दाखला मोबाइलवरून होतो म्हणे, चेहरा दाखवायचा, डोळे मिचकवायचे. मावशीने डोळे मिचकावले, नाही झालं, परत मिचकावले, नाही झालं, सातव्यांदा ती कंटाळून कॅमेऱ्याकडे जीभ काढून बसली आणि तेवढ्यात झालं. आई म्हणते आता सरकारकडे हिचा तोच फोटो आहे.